यंत्राचा डोळा, आपले बोट

२०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू केली आणि घरोघरी दोन-तीन जणांची पथके येऊ लागली. तोंडाला मुखपट्टी, काखेत वही, एका हातात पिस्तुलासारखा दिसणारा तापमापक आणि दुसऱ्या हातात वाळत घातलेल्या कपड्यांच्या चिमट्याएवढे एक यंत्र. घरातल्या प्रत्येकाने बोट पुढे करायचे, चिमटा बोटाला लागायचा, दहा-बारा सेकंद सगळे घर श्वास रोखून त्या आकड्याकडे पाहायचे. ९८ आला की हसू, ९५ आला की आजींना पुन्हा बोट पुसून बसवायचे. त्याआधी ऑक्सिमीटर हा शब्द शस्त्रक्रियागृहाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तो पोळपाट-लाटण्याइतका घरगुती झाला. आज तो बहुतेक घरांत टेबलाच्या खणात, जुन्या चष्म्यांच्या आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या संगतीत पडलेला असतो.

त्या चिमट्यात होते काय? दोन बारीक दिवे आणि एक डोळा. एक दिवा लाल, दुसरा आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा. समोरच्या बाजूला सिलिकॉनचा लहानसा चौकोनी तुकडा, ज्यावर उजेड पडला की विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो. या तुकड्याला शास्त्रज्ञ फोटोडिटेक्टर म्हणतात. आपण त्याला यंत्राचा डोळा म्हणू. मोबाईलच्या टॉर्चवर अंगठा दाबून अंधारात पाहावे. अंगठा लालभडक पेटल्यासारखा दिसतो, कारण लाल उजेड मांसातून बराच आरपार जातो. ऑक्सिजन वाहणारे रक्त लाल प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन सोडून दिलेले रक्त नेमके उलटे वागते. दोन्ही दिव्यांचा किती उजेड बोट ओलांडून आला याचे गुणोत्तर काढले की रक्तात ऑक्सिजन किती आहे याचा अंदाज बांधता येतो.

पण बोटात रक्ताखेरीज कातडी, हाड, चरबी आणि नखही असते. तेही उजेड शोषतात. मग त्यातून रक्ताचा वाटा वेगळा कसा काढायचा? हे कोडे सोडवले जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने, १९७४ च्या सुमारास, निहोन कोहडेन या कंपनीत. तो खरे तर हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडते हे मोजण्याच्या खटपटीत होता आणि नाडीच्या ठोक्यामुळे त्याची मापे सारखी हलत होती. इतरांनी ती थरथर चाळणीने काढून टाकली असती. आओयागीच्या ध्यानात आले की जे हलते ते धमनीतले ताजे रक्त आणि जे स्थिर राहते ते बाकीचे सगळे. तेव्हा हलणारा भाग तेवढा मोजावा. ज्या वर्षी आपल्याकडे लाखो बोटे त्याच्या चिमट्यात गेली, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तो वारला. आपल्या वर्तमानपत्रांत त्या दिवसांत मृत्यूच्या बातम्या इतक्या होत्या, की ही एक कोणाच्या लक्षात राहण्यासारखी नव्हती.

यंत्राचे डोळे आता आपल्या चहूकडे आहेत. लिफ्टचे दार मध्ये हात आला की परत उघडते, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दालनांत हात पुढे करताच नळ वाहतो, वाण्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वाचून बिल होते, टीव्हीचा रिमोट सोफ्यावरून आज्ञा देतो. घरातल्या मुलांना एक गंमत दाखवा. रिमोटचे तोंड मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण बहुतेक मोबाईलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. यंत्राचा डोळा आपल्यापेक्षा जास्त पाहतो, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

या डोळ्याच्या इतिहासाचा एक धागा मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत येतो. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्राखालची तार टाकली. ती तार बनवणाऱ्या इंग्रज कंपनीत विलोबी स्मिथ नावाचा विद्युततज्ज्ञ होता. तारा पाण्यात उतरत असताना त्या तपासण्यासाठी त्याला विजेला भरपूर अडथळा करणारा पदार्थ हवा होता, म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या वापरून पाहिल्या. कांड्यांची मापे काही केल्या जुळेनात. पेटीचे झाकण उघडे असले की एक आकडा, बंद असले की दुसरा. १८७३ मध्ये त्याने जाहीर केले की सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज अधिक सहज वाहते. तारेचा दोष शोधताना उजेड ओळखणारा पदार्थ सापडला. आज वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून येणाऱ्या केबल्समध्ये वीज नव्हे तर प्रकाशच निरोप वाहून आणतो आणि प्रत्येक केबलच्या टोकाशी तो वाचायला एक डोळा बसवलेला असतो. आपले परदेशातले नातवंड पडद्यावर हसते ते त्या डोळ्याने मिटक्या मारल्यावाचून आपल्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा धागा कलकत्त्याचा. जगदीशचंद्र बोस यांनी शिशाच्या गॅलिना नावाच्या खनिजाचा स्फटिक वापरून विद्युतलहरी टिपणारे उपकरण केले. तेच उपकरण उजेडालाही प्रतिसाद देई, आणि बोस त्याला कृत्रिम डोळाच मानत. पेटंट घेण्याचा त्यांना मनस्वी तिटकारा होता; स्नेह्यांच्या आग्रहामुळे १९०१ मध्ये अर्ज झाला आणि १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. अर्धवाहक पदार्थाच्या उपकरणासाठी दिलेले ते जगातले पहिले पेटंट मानले जाते. शाळेच्या पुस्तकात बोस म्हणजे लाजाळूचे झाड एवढेच आपण शिकलो. हे गॅलिनाचे प्रकरण मुलांना कोणी सांगत नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

कारण गॅलिना आजही संपलेले नाही. गॅलिना म्हणजे शिसे आणि गंधक. तोच पदार्थ काही नॅनोमीटर आकाराच्या कणांत तयार केला की त्याला क्वांटम डॉट म्हणतात, आणि कणाचा आकार बदलला की तो कोणत्या रंगाचा उजेड टिपणार हेही बदलते. अशा कणांच्या शोधासाठी आणि घडणीसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह या तिघांना मिळाले. त्याआधी, २०१२ मध्ये, बार्सिलोनाच्या संशोधकांनी ग्राफीन या एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्यावर हे शिशाचे कण पसरले आणि अतिशय क्षीण उजेडही ओळखणारा डोळा तयार केला. पुढे त्याच संस्थेने तशाच मिश्रणाची लवचिक पट्टी करून, अंगावर चिकटवून नाडी मोजून दाखवली. बोसांचे खनिज सव्वाशे वर्षांनी मनगटावर येते आहे.

आता 'नॅनो' या शब्दाविषयी. नॅनो म्हटले की अनेकांना अजून टाटांची २००८ मध्ये दाखवलेली मोटारच आठवते, आणि दुकानदारांनी हा शब्द भिंतीच्या रंगापासून पाण्याच्या गाळणीपर्यंत सर्वत्र चिकटवून त्याची पार रया घालवली आहे. मुळात ते एक माप आहे. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आणि 'कॉम्पोझिट' म्हणजे संमिश्र. हे तर आपल्या आज्यांना पाठ होते. नुसत्या मातीची भिंत तडकते, म्हणून मातीत भुसा तुडवायचा. माती माती राहते, भुसा भुसा राहतो, पण भिंत दोघांपेक्षा बरी होते. नॅनोकॉम्पोझिटमध्येही एवढेच करतात, फक्त भुसा डोळ्याला दिसत नाही.

उदाहरण म्हणून झिंक ऑक्साइड घेऊ. उन्हाळ्यात घामोळ्यांवर आपण जे गुलाबी कॅलामाइन लावतो त्यातली पांढरी पूड ती हीच. या पुडीचा एक विशेष गुण असा, की तिला साधा दिवसाचा उजेड दिसत नाही, फक्त अतिनील किरण दिसतात. सिलिकॉनला दोन्ही दिसतात, त्यामुळे त्याच्यापुढे गाळणी-काचा लावाव्या लागतात. घरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातला अतिनील दिवा निळसर दिसतो म्हणून आपण निर्धास्त असतो. पण निळसर दिसणे आणि जंतू मारणारे किरण पुरेसे निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे असा स्वस्त, फक्त अतिनीलच पाहणारा डोळा बसवता आला तर दिवा निकामी झाल्याचे घरच्या बाईला मेकॅनिकच्या आधी कळेल. पण झिंक ऑक्साइड एकटे असले की सुस्त. उजेड ते झेलते, मात्र त्यातून निर्माण झालेली वीज पुढे नेताना वाटेतच बरीच हरवते. म्हणून त्यात ग्राफीन, कार्बनच्या नळ्या किंवा चांदीचे कण मिसळतात. एकाने उजेड झेलायचा, दुसऱ्याने वीज वाहून न्यायची.

हे काम करायला कोट्यवधींचे कारखाने लागत नाहीत, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हेच. सिलिकॉनची चकती करायची तर धूळरहित इमारत हवी, लाखमोलाची यंत्रे हवीत. २००६ मध्ये पवईच्या आयआयटीत आणि बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत केंद्र सरकारच्या मदतीने नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहिली, ती अशा कामासाठी. पण संमिश्राचा पातळ थर काचेच्या पेल्यात, रसायनाच्या कोमट द्रावणात काच बुडवूनही चढवता येतो. म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी पातळ थरांच्या अभ्यासाची मोठी परंपरा तयार झाली, आणि तालुक्याच्या गावातली मुले तिथे येऊन डॉक्टर झाली. चार हजारांची हॉटप्लेट, काचेचे पेले आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर खरे शास्त्र करता येते, असे सांगणारी ही शाखा आहे. तिच्याविषयी मला ममत्व आहे, म्हणून पुढचे चार शब्द जरा कडक वाटले तरी ते आपुलकीचे समजावेत.

या संशोधनाची रीत ठरलेली असते. नवे मिश्रण करायचे, काळ्या पेटीत ठेवायचे, दिवा लावायचा, विझवायचा, पुन्हा लावायचा, आणि वर-खाली जाणाऱ्या विजेची रेघ काढायची. रेघ जितकी उंच आणि जितकी चटकन चढणारी तितका निबंध चांगला. नमुना बहुधा ताजा असतो. खोली वातानुकूलित असते. पण झिंक ऑक्साइडचे वागणे हवेवर अवलंबून आहे. अंधारात हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि विजेचे कण पकडून ठेवतो. अतिनील किरण पडले की ही पकड सुटते आणि वीज वाहू लागते. दिवा विझला तरी ऑक्सिजन सावकाश परत येतो, म्हणून प्रवाह काही वेळा मिनिटेच्या मिनिटे रेंगाळतो. त्यात हवेत बाष्प असले की पृष्ठभागावर पाण्याचे रेणू जागा अडवायला येतात आणि सगळा हिशेब बदलतो. पेरोव्स्काइट नावाचे, सध्या फार बोलबाला असलेले पदार्थ तर ओलाव्याने चक्क विरघळू लागतात. आता हा डोळा जुलै महिन्यात वांद्र्याच्या गच्चीवर ठेवा. इथे खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी ग्रिल दोन पावसाळ्यांत पोपडे धरते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तिथे तो डोळा सप्टेंबरात काय सांगेल?

हा प्रश्न निबंधांत क्वचित विचारला जातो. कारण त्याचे उत्तर मिळायला एक पावसाळा जावा लागतो, आणि ते उत्तर बहुधा निराशाजनक असते. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजणाऱ्या व्यवस्थेत चार महिने एकच नमुना सांभाळत बसणारा तरुण मागे पडतो. दोष त्याचा नाही.

याचे परिणाम आपल्या बोटापर्यंत कसे येतात ते आता पाहू. ऑक्सिमीटर गुणोत्तर मोजतो असे वर म्हटले. पण त्या गुणोत्तरावरून ९४ की ९७ हे ठरवणारा तक्ता कुठल्या सूत्रातून येत नाही. तो माणसांवरून घेतलेला असतो. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा श्वासातून देतात, धमनीतले रक्त काढून खरा आकडा तपासतात आणि चिमट्याचे गुणोत्तर त्याला जोडतात. हा तक्ता यंत्राच्या पोटात कायमचा बसतो. तेव्हा ती माणसे कोण होती, हा प्रश्न शास्त्राचाच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे अशी चाचणी दहा जणांवर केली तरी चालत असे, आणि त्यांत गडद कातडीची दोन माणसे असली तरी पुरे होत.

२०२० च्या डिसेंबरात मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात छोटे पत्र प्रसिद्ध केले. चिमट्याने ९२ ते ९६ असा दिलासा देणारा आकडा दाखवला असताना प्रत्यक्ष रक्तातला ऑक्सिजन ८८ च्याही खाली होता, असे प्रकार गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळले. कातडीतले रंगद्रव्य उजेड शोषते, आणि चाचणी ज्यांच्यावर झाली त्यांच्यात ते कमी होते. पुढे २०२२ मधील एका अमेरिकी अभ्यासात आशियाई वंशाच्या रुग्णांतही चिमटा प्रत्यक्षाहून चढा आकडा दाखवतो असे दिसले, जरी तिथे 'आशियाई' या एका शब्दात चिनी, जपानी आणि आपण असे सगळेच कोंबलेले असतात.

आपल्या देशाच्या तेव्हाच्या उपचार-नियमावलीत ९० ते ९३ म्हणजे मध्यम आजार, रुग्णालयात दाखल करण्याजोगा. ९४ च्या वर असेल तर घरी थांबा. म्हणजे दोन-तीन आकड्यांचा फरक हा खाट मिळणे आणि न मिळणे यांतला फरक होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये या शहरातल्या किती घरांत मध्यरात्री तो आकडा पाहून 'सकाळपर्यंत थांबू' असा निर्णय झाला असेल, याचा विचार मनात आला की मी तो फार वेळ मनात ठेवू शकत नाही. यंत्राने फसवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच यंत्राने, श्वास लागण्यापूर्वीच धोका दाखवून, असंख्य माणसे वाचवली. धारावीच्या गल्ल्यांतून पालिकेचे डॉक्टर आणि सेविका तोच चिमटा घेऊन फिरल्या आणि त्याचा उपयोग झाला हे जगाने पाहिले. पण नखाच्या रंगाने आणि काळ्या मेंदीनेही जो आकडा हलू शकतो तो कातडीच्या रंगाने हलत असेल का, हे आपण, गव्हाळ-सावळ्या माणसांच्या देशाने, आधी विचारायला हवे होते. तो प्रश्न मिशिगनहून आला.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. २०२१ च्या जुलैमध्ये ऑक्सिमीटरवरचा व्यापारी नफा सत्तर टक्क्यांवर बांधण्यात आला. किमतीकडे लक्ष गेले हे योग्यच झाले, पण चिमट्याच्या खोक्यावर त्याची चाचणी कोणत्या रंगाच्या कातडीवर झाली हे छापावे असे कोणाला वाटले नाही. अमेरिकेत २०२५ च्या जानेवारीत नव्या सूचनांचा मसुदा आला. त्यात दहाऐवजी दीडशे माणसांवर, आणि कातडीच्या सर्व छटांवर चाचणी करण्याची शिफारस आहे. आपल्याला यासाठी स्वयंसेवक शोधायला लांब जावे लागणार नाही. वांद्रे स्थानकाच्या पुलावर सकाळी नऊला उभे राहिले तर गोऱ्यापान कोकणस्थापासून काळ्याभोर तमिळ भाऊपर्यंत सगळ्या छटा पाच मिनिटांत समोरून जातात.

यंत्राच्या डोळ्याचा दुसरा संबंध आता आपल्या छातीशी आला आहे. २०२२ च्या आणि २०२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा इतकी बिघडली की समोरची इमारत धूसर दिसू लागली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. एक एकरापेक्षा मोठ्या जागेला पस्तीस फूट उंच पत्रे, लहान जागेला पंचवीस फूट, इमारतीभोवती ओले कापड, पाण्याचे फवारे, आणि जागेवर धूळ मोजणारे सेन्सर. हा सेन्सर म्हणजे पुन्हा तोच खेळ. एका डबीत लेझरचा दिवा, शेजारून हवा ओढणारा इवलासा पंखा आणि बाजूला बसवलेला डोळा. धुळीचा कण दिव्यापुढून गेला की उजेड विखुरतो, डोळा ती चमक टिपतो. सकाळच्या तिरिपेत खोलीतली धूळ तरंगताना दिसते, तेच तत्त्व.

वांद्रे पूर्वेला राहणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एकीकडे शासकीय वसाहतीच्या जुन्या इमारती पाडणे चालू, दुसरीकडे संकुलात बुलेट ट्रेनच्या स्थानकाचा प्रचंड खड्डा, गल्लोगल्ली पुनर्विकास. आमच्या घरापासून चार मिनिटांवर एक इमारत उठते आहे. फाटकावर नियमाप्रमाणे फलक लागला आणि त्यावर लाल दिव्यांचा आकडा झळकू लागला. भाजी आणायला जाता-येता तो पाहण्याची मला सवय लागली. आठ दिवस आकडा ५८. आपल्याकडे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तेव्हा ५८ हा आकडा मोठा समंजस म्हणायचा. नवव्या दिवशी सिमेंटची गाडी रिकामी होत असताना, समोरचे झाड दिसेनासे झाले असतानाही ५८. मी रखवालदाराला विचारले. तो म्हणाला, "काका, ते मशीन दिवाळीपासून असंच आहे. धूळ लई झाली की आम्ही पाणी मारतो. मशीनला कोण विचारतंय?"

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. बंद पडलेला आकडा निदान ओळखू येतो. चालू असलेला पण चुकणारा ओळखू येत नाही. हवेत बाष्प वाढले की धुळीचे कण पाणी पिऊन फुगतात, फुगलेला कण जास्त उजेड विखुरतो, आणि यंत्राला धूळ वाढल्याचा भास होतो. दमट मुंबईत हे वर्षातले कित्येक महिने घडते. उलट डोळ्यावरच धुळीचा थर बसला की तो कमी पाहू लागतो. मोजणीचे महागडे, प्रमाणित यंत्र हवा कोरडी करून मग मोजते, म्हणून ते खोलीएवढे असते आणि थोडक्याच ठिकाणी असते. खेरवाडीला आणि वांद्रे-कुर्ला संकुलात अशी केंद्रे आहेत. छोट्या सेन्सरला खरे बोलायला शिकवायचे तर त्याला काही महिने या मोठ्या भावाशेजारी बसवावे लागते आणि दोघांचे आकडे ताडून पाहावे लागतात.

असा प्रयोग मुंबईत झाला आहे. २०२० च्या नोव्हेंबरपासून २०२१ च्या मेपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कानपूरच्या आयआयटीने भारतीय नवउद्योगांनी बनवलेले चाळीस सेन्सर मुंबई परिसरातल्या पंधरा केंद्रांवर बसवले, आणि नीट सांभाळले तर ते भरवशाचे ठरू शकतात असे दिसले. माझ्या मते ही आपल्याकडच्या संशोधनातली फार मोलाची गोष्ट आहे, जरी तिच्यात नवा पदार्थ कोणी शोधला नाही. पण महिने पुन्हा वाचा. नोव्हेंबर ते मे. पावसाळा त्यात नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की कोल्हापूर, पुणे आणि पवईच्या प्रयोगशाळांत जे नवे डोळे तयार होत आहेत त्यांतल्या निवडक दहा-वीसांना जून ते सप्टेंबर खेरवाडीच्या गच्चीवर, प्रमाणित यंत्राशेजारी, उघड्यावर ठेवावे. जे टिकतील ते टिकतील. जे विरघळतील त्यांचा निबंधही तितक्याच मानाने छापावा आणि तो लिहिणाऱ्याला बढतीचे गुण मिळावेत. हवेची यंत्रे प्रमाणित करण्याचे काम २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे सोपवले गेले. दिल्लीची हवा कोरडी, आमची ओली, तेव्हा तिची एक शाखा समुद्राकाठी असायला हरकत नसावी. चिमट्याच्या बाबतीतही तेच. मुंबईत महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या धमनीतले रक्त तसेही तपासले जाते. त्याच क्षणी चिमट्याचा आकडा आणि कातडीची छटा टिपून ठेवायला लागतो तो एक तक्ता आणि एक शिस्तीचा निवासी डॉक्टर. वर्षभरात आपल्या माणसांचा आकडा आपल्याला मिळेल, आणि तो खोक्यावर मराठीत छापता येईल.

आणि धुळीच्या फलकांविषयी एक सूचना. शासकीय वसाहतीच्या जागेवर उच्च न्यायालयाचे नवे संकुल उभे राहायचे आहे. त्याची पायाभरणी २०२४ च्या सप्टेंबरात झाली. ज्या न्यायालयाने मुंबईच्या धुळीची स्वतःहून दखल घेतली त्याच्याच बांधकामाच्या फाटकावर, आकड्याच्या खाली दोन ओळी रंगवून घ्याव्यात. हे यंत्र शेवटचे कधी तपासले, आणि कोणी.